ओढ्यातला चौथा सांगाडा

मी शाळेत चित्रकला शिकवतो. भूतखेत, अंगात येणं वगैरेवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण हे कुणाला तरी सांगायचंय.

कोरेगावच्या माझ्या मित्राने, सचिनने, जिवंत सांगाड्यांवर पिक्चर काढला. बजेट नावालाच. लाईट परवडत नव्हते, म्हणून भर दुपारी शूटिंग करायचं आणि कॉम्प्युटरवर निळा रंग देऊन रात्र करायची! काळ्या कापडाचे चार सूट शिवून घेतले, त्यांवर हाडं मी रंगवली; तोंडाला कवटीचे मुखवटे. एका सांगाड्याच्या पायात चप्पल दिसते, एकाच्या पाठीवरची चेन. तरी पिक्चर गोड झालाय — बघणारे हसतात, पण उठून जात नाहीत.

शूटिंग माण तालुक्यात, माझ्या मामीच्या गावाजवळच्या कोरड्या ओढ्यात झालं. म्हणून तयार झाल्यावर पहिल्यांदा तिलाच मोबाईलवर दाखवला. अकरा वर्षांपूर्वी मामा मेंढरं घेऊन पाटणकडे गेले होते. मेंढरं परत आली, मामा नाहीत. मामी अजून कुंकू लावते.

ती हसत बघत होती. चार सांगाडे ओढ्यातून चालत जातात तो शॉट आला आणि तिने माझा हात धरला.

"वाईच माघारी घे."

घेतलं. शेवटचा सांगाडा मानेमागे काठी आडवी धरून, तिच्यावर दोन्ही हात टाकून चाललाय. मधेच थांबतो, वळून बघतो — एखादं मेंढरू मागे राहिलंय का बघावं तसं.

"ह्ये तुजं मामा हायत," मामी म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी म्हणालो, अगं, तो आमचा विलास असेल, चौथा सांगाडा तोच झालाय. पण बोलता बोलताच अडखळलो... त्या शॉटच्या वेळी विलासचा सूट उसवला होता आणि मी बाभळीखाली बसून तो शिवत होतो. विलास शेजारीच बनियनवर चहा पीत होता.

सचिनला फोन केला. तो म्हणाला, चौघं होते की, मला वाटलं सूट शिवून झाला. बाकी तिघांना मुखवट्यातून धड दिसतच नव्हतं. काठी तर कुणालाच दिली नव्हती. आधीचा टेक असेल म्हणावं, तर टेक एकच झालेला. की माझ्याच डोक्यात काही गोंधळ झालाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने मला ओढ्यावर न्यायला लावलं. वाळूशिवाय तिथे काही नव्हतं. तिने विचारलं, "कुनीकडं तोंड हुतं रं त्यांचं?"

मी गावाच्या दिशेला हात केला.

"मंग घराकडंच येत हुतं," म्हणाली आणि चालायला लागली. रडली नाही.

सचिन घाबरून तो शॉट कापून टाकणार होता; मामीने कापू दिला नाही. पिक्चर आता नेटवर आहे. लोक खाली लिहितात — बाकी सगळे कच्चे, पण शेवटच्या सांगाड्याची अ‍ॅक्टिंग एक नंबर, कोण आहे तो? सचिन म्हणतो, तूच उत्तर दे. मी दोनदा टाईप केलं... दोनदा पुसलं.