अण्णांचा चेहरा पास होईना

"नाक असं न्हवतं," पाचवे म्हातारबाबा म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मी शिल्पकार. स्टुडिओ साताऱ्यात. पुतळ्याचं आधी मातीचं मॉडेल होतं. ते लोकांनी पास केलं की साचा, मग ब्राँझ. साचा झाल्यावर नाक बदलत नाही. म्हणून मातीचं डोकं टेम्पोत घालून मी आटपाडीकडच्या त्या गावात नेलं होतं. गाव मूळचं कोयनेकाठचं. धरणात जमिनी गेल्या, तेव्हा अण्णांनी अर्जविनंत्या करून सगळ्या घरांना एकत्र इथे आणलं. गावाचे संस्थापकच ते. शाळेला त्यांचं नाव, दरवर्षी जयंती. फोटो मात्र एकही नाही.

एकाचे अण्णा उंच, दुसऱ्याचे बुटके. एकाच्या अण्णांना टक्कल, तर एकाच्या अण्णांना झुपकेदार मिशी. माझं डोकं चालेना.

"सर, कायबी करा, पन ह्यो सगळ्यांनी पास केला पायजे," सरपंच म्हणाले. "हरेक भावकी म्हनती, अण्णा आमचंच. चेहरा एका घराच्या वळनावर गेला, तर दुसरी उद्घाटनाला येनार न्हाईत. गाव फुटंल."

उरल्या होत्या सोनाबाई, गावातल्या सगळ्यांत वयस्कर. धरण आलं तेव्हा नव्या नवरी होत्या. मी एकटाच त्यांच्याकडे गेलो.

"आजी, अण्णा दिसायला कसे होते?"

"आवं, तसा कुनी न्हवताच."

मी वही मिटली. परत उघडली.

"धरणाचा सायब म्हनला, तुमचा म्होरक्या कोन त्याचं नाव लिवा. एकाचं दिलं तर बाकीचं रुसत्यात. मग माझ्या सासूनं 'अण्णा' असं नाव ठोकून दिलं. कचेरीतनं बोलावनं आलं की ज्याला सवड हाय त्यो अण्णा म्हनून अंगठा लावून यायचा."

म्हणजे पाचही म्हातारे खरंच सांगत होते! लहानपणी ज्याला कचेरीत जाताना पाहिलं, तो त्यांचा अण्णा.

"आणि हे नाव दिलंच नसतं तर?"

"तर काय! एक घर हिकडं, एक तिकडं. चार तालुक्यांत पांगलो असतो."

जो माणूस नव्हताच, त्याच्यामुळे हे गाव होतं. सरपंचांना सांगावं तर जयंतीचं काय, शाळेचं काय? न सांगावं तर चेहरा कुणाचा करायचा? शेवटी हेच आजींना विचारलं.

"माझ्या सासूचा करा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मिशा लावा."

डोकं त्यांच्या अंगणात उतरवलं. दिवसभर त्या शेजारी बसून होत्या. "गालफडं वर. आता लय झालं. भुवई जाड." मी मुकाट्याने माती थापत गेलो.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. मी मातीवरचं ओलं फडकं काढलं. मग एक म्हातारबाबा पुढे वाकले. "व्हय. ह्योच आमचा अण्णा. बघितलंय मी ह्याला." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चेहरा पास झाला.

सोनाबाई मागे उभ्या होत्या. अण्णांवरचं फडकं बाजूला झालं, तसा त्यांनी पदर चटकन डोक्यावरून पुढे ओढला होता.

मी गावाला फसवलं की काय, ते अजून ठरत नाही. मात्र तेव्हापासून फोटो नसलेलं काम आलं, की पुतळा कमिटीला चहा पाजतो आणि चेहरा त्या माणसाच्या घरातल्या सुनेला विचारतो.