'सात बारवा' आणि माझा सल्ला

'सात बारवा'ला शेवट नाही, तो माझ्यामुळे.

विजूदादामुळे नाही. माझ्यामुळे.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. ही पोस्ट मी सकाळपासून पाचव्यांदा लिहितेय. चार वेळा पुसली.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. 'सात बारवा' ही माझ्या भावानं लिहिलेली टीव्ही मालिका. भूमापन खात्यातली यमुना नावाची मुलगी चोरीला गेलेला ताम्रपट शोधत आपल्या भागातल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरी पालथ्या घालते. सात बारवांत सात खुणा. मालिका पाचव्या बारवेत बंद पडली.

भाऊ होता म्हणून गोडवे गाणार नाही. त्यात लय खोट होती.

यमुनेच्या टॉर्चचा सेल कधीच संपला नाही. पाच बारवा, एक टॉर्च!

खलनायक आपला सगळा प्लॅन आधी मोठ्यानं सांगायचा, मग हसायचा, मग विजा चमकायच्या. भर उन्हाळ्यात.

मधेच एक लव्ह ट्रॅक घुसवला होता. तो चॅनलचा हट्ट. त्या चार भागांत यमुना ताम्रपट विसरून नुसती ओढणी सावरत बसली.

पण त्या पोरीला भूक लागायची हो!

ॲडव्हेंचर मालिकेतली नायिका पायरीवर बसून भाकरी-ठेचा खाते, हे मी दुसरीकडे कुठंच बघितलं नाही. ती घाबरायची. पडली तर चार भाग लंगडायची. आणि वाटेत भेटलेली म्हातारी तिला विचारायची, "कुठं जायलीस गं पोरी, एकटीच?"

परभणीजवळच्या आमच्या झरी गावात तेव्हा अख्खी गल्ली टीव्हीपुढे टाळ्या वाजवत होती. टीव्हीवर आमच्यासारखं कुणीतरी बोललं होतं. त्या एका वाक्यासाठी दादा चॅनलशी महिनाभर भांडला होता.

प्रत्येक भाग शूटिंगला जायच्या आधी तो मला पाठवायचा. मी गंगाखेडला शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत वाचायचे आणि फोन करायचे.

"दादा, ह्यो भाग बंडल हाय."

"कुठं बंडल हाय?"

मी सांगायचे. तो चिडायचा, फोन ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी बदलून पाठवायचा. आमचं हे असंच चालायचं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्याचाच फोन आला.

"शालू, टीआरपी पडला. दोनच भाग द्यायलेत. गुंडाळ म्हणायलेत."

खरं तर ही त्यांची मेहेरबानी होती. कितीतरी मालिका एका फोनवर बंद होतात. दादाला शेवट करायला दोन भाग मिळाले होते.

आणि मी शहाणी काय म्हणाले?

"गुंडाळू नको. बारवेच्या पाण्यातच सोड तिला. लोक बोंबलतील. मग चॅनल झक मारून पुढचे भाग देतंय बघ."

"खरं म्हणायलीस?"

"आजपस्तोर तुला खोटं बोलले का?"

"न्हाई," तो म्हणाला.

शेवटच्या भागात बारवेचं पाणी चढत चढत यमुनेच्या गळ्यापर्यंत आलं. मग पडद्यावर 'क्रमशः'.

पुढच्या आठवड्यात त्या वेळेला पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला.

लोक बोंबलले. तीन दिवस. मग त्यांनी दुधीच्या वड्या शिकून घेतल्या.

निर्मात्यानं सगळं खापर दादावर फोडलं. दोन भाग दिले होते, ह्या हट्टी लेखकानं वाया घालवले, असं तो सगळीकडे सांगत फिरला. दादाला पुन्हा कुणी मालिका दिली नाही. तो परभणीला परत आला. लोक विचारायचे, ती पोरगी बाहेर निघाली का? तो नुसता हसायचा.

त्यानं माझं नाव कुणालाच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या जाण्याच्या बातमीखाली एकानं कमेंट टाकली, 'टॅलेंट होतं, अहंकार नडला.' मी ती वाचली आणि गप्प बसले. वर्षभर ती कमेंट माझ्या डोक्यातून गेली नाही.

आज घरी दादाच्या वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. बुद्धवंदनेला लोक यायच्या आधी आईला म्हटलं, मी एक पोस्ट टाकतेय, आधी तू ऐक. सगळं वाचून दाखवलं.

आई खिरीसाठी वेलदोडे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. मला शपथ घातली हुती. म्हणला, शालूला यातलं काई बोलू नकोस. ती मनाला लावून घेती. मग मला खरं कोण सांगनार?"

मी तशीच उठून मागच्या दारात गेले. खूप रडले.

कारण मी मनाला लावून घेतलंच होतं. परभणीला आल्यावर तो पोखर्णीच्या जत्रेवर एक मोठी गोष्ट लिहीत होता. मला तुकड्या-तुकड्यानं पाठवायचा. मी वाचायचे आणि अंगठा टाकायचे. 'मस्त.' 'छान.' 'एक नंबर.'

"अन् काय खटकलं?" तो विचारायचा.

"काईच न्हाई दादा."

पुढे पुढे त्यानं विचारणं सोडलं. मग पाठवणंही. शेवटी लिहिणंही सोडलं असावं. त्याच्या लॅपटॉपमध्ये ती गोष्ट अर्धीच आहे.

माझा तो सल्ला चुकला, ते मी एक वेळ सोसेन. हे अंगठे मला सोसवत नाहीत.

म्हणून दादा, ऐक.

जत्रेच्या गोष्टीचे पहिले तीन तुकडे रटाळ आहेत. पाळणेवाल्याचं भांडण दोनदा आलंय. तो फौजदार कशाला आहे, मला अजून कळलेलं नाही. ते सगळं काढून टाक. फुगे विकणारी म्हातारी येते तिथून सुरू कर. तिथून पुढे तू आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं लिहिलंयस.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

जयभीम, दादा.

तुझी,
शालू