ताईंनी नापास केलेले पंखे

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी स्वच्छ ऊन. ताईंच्या सुनेने पाठवलेलं वाचन परत आलं. आवाज गोड आहे, पण मागे सतत घूं ऐकू येतं म्हणे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवीन पाठवायचं, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला. ताई कॉम्प्युटरचा पंखा बदलणार. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे.

डायरीत मी एवढंच लिहिलं होतं. काय झालं ते लिहा, काय वाटलं ते लिहू नका, असं शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या आणि ती सवय काही सुटली नाही. पण ताईंबद्दल सांगायचं तर एवढ्यावर भागणार नाही.

ताई माझ्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणतो म्हणून अख्खी गल्ली ताई म्हणते आणि मीही. आमच्या ह्यांना त्या दादा म्हणायच्या, म्हणून मी वहिनी. हे गेले, मी मात्र वहिनीच राहिले.

रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर ताईंची सगळी नोकरी झाली. पट्ट्यावरून रेडिओ यायचा, ताई तो उचलायच्या, हलवायच्या, बटण फिरवायच्या, कानाशी धरायच्या आणि एक तर पुढे सरकवायच्या नाहीतर लाल टोपलीत टाकायच्या. त्या दालनात यंत्रांचा इतका गोंगाट असे की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर घासूनपुसून लख्ख केलं. मग पुसायला काही उरलं नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या भावाच्या दुकानात जाऊन बसल्या.

भाऊचं दुकान कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं. बहीण आली म्हणून त्याने कौतुकाने खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येईपर्यंत ताईंनी समोरचा कीबोर्ड खोक्यातून काढून तपासला होता.

"हा विकतोस तू?"

"का गं? खूप खपतो."

"याचा स्पेसबार मधे दाबला तर बोलतो, कडेला दाबला की मुका. लोकांचा अंगठा काय मधोमध पडतो?"

भाऊने दाबून बघितला. खरंच मुका होता. त्या दिवसापासून ताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय त्या दुकानातली एकही वस्तू फळीवर चढलेली नाही.

माऊस आला की तो वर्तमानपत्रावर, गुळगुळीत टेबलावर आणि स्वतःच्या मांडीवर फिरवून बघायचा. वायर आली की तिची मान वाकवायची, कारण वायर तुटते ती मानेतच. वीजपुरवठ्याचा डबा तळहातावर तोलायचा, हलका लागला की म्हणायच्या, "आत काही घातलंय की नुसता पत्रा?" मेमरीची पट्टी दिवसभर राबवायची आणि तिने एकदा जरी चुकीचं उत्तर दिलं तर परत पाठवायची. पंख्यासाठी कारखान्यातून आणलेली एक रबरी नळी होती. तिचं एक टोक पंख्याशी, दुसरं कानात. मग चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठ्या तीनच: रडेल, चालेल, धावेल. खाली बारीक अक्षरात, किमतीला जागतो की नाही तेही. रंगीबेरंगी दिव्यांच्या एका महागड्या कीबोर्डवर मी स्वतः वाचलं आहे: "चालेल. दिवे बंद केले तरी तेवढाच चालेल."

भाऊ कधीकधी कपाळाला हात लावी. "ताई, गिऱ्हाईक आपणहून महागातला मागत होतं गं!"

"आणि महिन्याने भांडायला कुणाकडे आलं असतं? माझ्याकडे?"

दुकानात त्यांच्या पाठीमागे त्यांना सासूबाई म्हणत आणि नव्या मालाला सुना. ताईंना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, "म्हणू देत. खोक्यात सगळ्याच गोड दिसतात. आठ दिवस नांदवल्याशिवाय मी कुणाला घरची म्हणत नाही."

गंमत अशी की खऱ्या सुनेला त्यांनी कधी वाकडा शब्द बोललेला मला आठवत नाही. मुलगा जहाजावर, महिनोन् महिने समुद्रात. घरात ह्या दोघीच. सगळी सासुगिरी पंख्यांवर आणि वायरींवर खर्च होत असल्यामुळे सुनेच्या वाट्याला नुसती माया उरली होती.

सून एका कचेरीत फोनवर बोलायचं काम करायची. ती कचेरी बंद पडली आणि पोरगी हिरमुसून घरी बसली. आवाज असा की बिलाची थकबाकी सांगितली तरी ऐकत राहावं. मग बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने नमुना मागवला. तो पसंत पडला तर वर्षभर घरबसल्या काम. त्या पोरीच्या डोळ्यांत किती दिवसांनी चमक आली होती!

"कॉम्प्युटर मी जुळवते," ताई म्हणाल्या. "असा जुळवते की चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागेल."

आणि जुळवला. हार्ड डिस्कची फिरणारी तबकडी आवाज करते म्हणून तिच्याऐवजी साठवणुकीची नवी पट्टी, आतून फोम लावलेला डबा, मधल्या किमतीचा सावकाश फिरणारा पंखा. अडगळीची खोली रिकामी करून भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराला गादी टेकवली. माईकसमोर सून, मशीनशेजारी स्टुलावर ताई, कानात नळी घालून पहारा द्यायला. आणि एवढं करून नमुना परत आला.

ताईंना तो अपमान वैयक्तिक वाटला. मंगळवारी दुपारी त्यांनी पंखा काढला, त्यावर "रडेल" चिकटवलं आणि दुकानातला सगळ्यात महाग पंखा आणला. सुनेने पान वाचलं. मला बोलावून कानाला हेडफोन लावला, कारण माझे कान अजून शाबूत आहेत असा ताईंचा विश्वास.

"वहिनी, खरं सांगा."

"आहे हो. बारीक आहे, पण आहे. घूं."

महाग पंखाही "रडेल" झाला. बुधवारी वीजपुरवठ्याचा डबा बदलला, मुळात पंखाच नसलेला आणला. घूं होतंच. माझा फ्रिज बंद करून झाला, त्यात माझं आईस्क्रीम वितळलं. जिन्यातली ट्यूब काढून झाली. गुरुवारी ताईंनी डब्यात उरलेल्या त्या महाग पंख्याचीही वायर उपटली.

"आई, मशीन तापेल!"

"एका पानाने तापत नाही. वाच तू."

सुनेने वाचलं. आता त्या डब्यात फिरणारं काहीही नव्हतं. आणि तरीही घूं होतं.

ताई स्टुलावर बसून राहिल्या. "पंखा नाही, तबकडी नाही. मग हा कोण?" असं त्यांनी त्या डब्यालाच विचारलं. सून पाठ करून पानं लावत होती, पण तिचे खांदे मला दिसत होते. हे काम हातचं जाणार असं तिने मनाशी धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी पंख्याची वायर जोडून पुन्हा बैठक बसली. पहिलं पान झालं, घूं होतं. तेवढ्यात भाऊचा फोन. नवीन माल आला होता आणि ताईंनी बघितल्याशिवाय उतरवून घ्यायला तो धजत नव्हता. ताई धुसफुसत गेल्या. मी आणि सून उरलो.

"काकू, वाचून ठेवते आणखी एकदा. बसून तरी काय करू?"

तिने वाचलं. मग ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडे बघतच राहिली. मी ऐकलं. स्वच्छ! नुसता तिचा आवाज आणि पान उलटल्याची सळसळ.

ताई परत आल्या तेव्हा आम्ही दोघी नाचायच्याच बाकी होतो. "बघा!" ताई म्हणाल्या. "रुळला पंखा! मी म्हणते ना, आठ दिवस द्यावे लागतात. घे गं, आता पूर्ण प्रकरण वाच." आणि नळी कानात घालून स्टुलावर बसल्या.

सुनेने अख्खं प्रकरण वाचलं. गोष्टीत एक माणूस अंधारात विहिरीतून कुणीतरी हाक मारतंय म्हणून वाकून बघतो, असा प्रसंग होता. वाचून झाल्यावर आम्ही ऐकायला घेतलं. घूं परत आलं होतं. सुनेचा चेहरा उतरला. पण ऐकता ऐकता ती थबकली. तिने तो विहिरीचा भाग पुन्हा लावला आणि हेडफोनचा एक कान माझ्याकडे केला.

माणूस विहिरीकडे निघाला तसं घूं वर चढायला लागलं. तो वाकला तेव्हा ते जवळजवळ थांबलं. हाक मारणारी बकरी निघाली, तेव्हा ते मजेत दोन सूर खाली उतरलं.

मशीनला काय गोष्ट कळते?

आम्ही दोघींनी एकदमच स्टुलाकडे पाहिलं. ताई नव्या वायरीची मान वाकवत होत्या. तोंड मिटलेलं, आणि आतून अगदी बारीक, हूं हूं. त्या काही तपासायला बसल्या की असं गुणगुणतात, कारखान्यात होत्या तेव्हापासून. त्या गोंगाटात ते त्यांच्या स्वतःच्याही कानी पडत नसणार. आणि मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ते इतकं ऐकलं आहे की मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

"काकू, तुम्ही सांगा ना," सून ओठांनीच म्हणाली.

"मी नाही बाई. तुझी सासू आहे."

"तुमची मैत्रीण आहे."

"काय कुजबुज चाललीय?" ताईंनी मान वर केली. "पुन्हा आहे ना? लपवू नका. मी काही रडायला बसत नाही."

सुनेने हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. ताईंनी डोळे मिटून ऐकलं, रेडिओ ऐकायच्या तसं. विहीर आली. बकरी आली. ताईंनी डोळे उघडले.

"हा पंखा सुरात आहे," त्या सावकाश म्हणाल्या. मग हात आपल्या गळ्याशी नेला. "अगं, हा पंखा मी आहे!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. ताई स्टुलावरून घसरून जमिनीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "स्वस्त पंखा, महाग पंखा, बिनपंख्याचा डबा. सगळ्यांना एकच आवाज, माझा! दोन चांगले पंखे मी फुकट नापास केले!" सून हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली. ताईंनी पिशवीतल्या चिठ्ठ्यांतून एक "रडेल" काढली, स्वतःच्या खांद्यावर चिकटवली आणि दार उघडून म्हणाल्या, "चला वहिनी, खराब माल खोलीबाहेर. पोरीला काम करू दे."

मधल्या किमतीचा पहिलाच पंखा चिठ्ठी काढून पुन्हा बसवला. तो किमतीला जागणारा होता, हे ताईंचं मूळचं म्हणणं बरोबरच निघालं. सुनेने दार लावून घेतलं आणि प्रकरण एका दमात वाचलं. ताई माझ्याकडे बसून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि अर्थातच गुणगुणत होत्या. वाचन गेलं, तसं त्या दुकानात जाऊन महाग पंखा परत देऊन त्यावरची चिठ्ठी बदलून आल्या. स्वतःच्या खांद्यावरची काढायला विसरल्या. भाऊने ती वाचली आणि चहा मागवला.

दिवेलागणीला प्रकाशकांचा फोन आला. सून भिंतीपलीकडून ओरडली, "काकू, मिळालं!" सोमवारपासून काम सुरू. रोज सकाळी ती खोलीत असेल तोवर ताई माझ्याकडे बसणार, पंखे आणि वायरी घेऊन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. नळ दुरुस्त झाला. सोमवारपासून रोज अर्धा लिटर दूध जास्त सांगितलं.