वरची दाढ

परळच्या दवाखान्यात, दात काढायच्या खोलीबाहेर त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. गिरणीत तुटलेलं सूत सांधायचं त्यांचं काम. बसल्या जागीही बोटं हलत होती. माझी सात वर्षांची मुलगी सुजलेला गाल धरून कण्हत होती. वरची दाढ किडली होती, डॉक्टर काढायला सांगत होते. पण अख्ख्या चाळीने बजावलं होतं, वरचा दात काढला की डोळा जातो. मी तिसरीत शाळा सोडलेली, माहेर लांब घाटावर, विचारणार कुणाला? मी पोरीला उचलून निघालेच.

"बस गं," बाई म्हणाल्या. त्यांनी ओठ वर करून दाखवला. वर एकही दात नव्हता. मग पदराचे दोन दोरे उपसून त्यांनी चष्म्याशिवाय क्षणात सांधले आणि माझ्या हातात दिले.

"गाठ शोध."

मला सापडेना.

"डोळ्याला दाताचं काय घेणं? पू वाढला तर मात्र पोर हातची जाईल." त्यांनी रांगेतला आपला नंबर आम्हाला दिला.

दाढ निघाली. बाहेर येताच मी पोरीचा दुसऱ्या बाजूचा डोळा झाकला. तोंडात कापूस धरूनच तिने समोरच्या भिंतीवरची चुन्याची अक्षरं जोडाक्षरांसकट वाचली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे."

"ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या. "आता चाळीत जाऊन सांग."

त्या दिवशी मी प्रत्येक मजल्यावर थांबत घरी गेले.