रक्ताला देवीची परवानगी

आईच्या गर्भाशयाच्या मुखावर गाठ होती आणि काकांना गोव्यात मराठी वाचवायची होती. राज्य होणार, भाषा कुठली, मराठी की कोकणी, याची ती वर्षं. इब्रामपूरच्या आमच्या घरात यातलं मोठं दुखणं कुठलं, याबद्दल काकांना शंका नव्हती.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "माये, रगत खूब उणें जालां. तें चडयले बगर शेकाचो उपेग जावचो ना." रक्त चढवल्याशिवाय शेक, म्हणजे किरणोपचार, उपयोगाचे नाहीत. रक्त कमी, म्हणून गाठीच्या गाभ्यात प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत.

"मराठीत सांगा," काका म्हणाले. त्यांना कोकणीतच सगळं कळलं होतं. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं.

"देवीला विचारावं लागेल," काका म्हणाले.

काका देवस्थानचे महाजन, पिढीजात मानकरी. कौल लावायला पुजाऱ्याने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, काकांनी गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली. रक्ताशिवायच शेक सुरू झाले.

अशा गुदमरलेल्या पेशी गप्प बसत नाहीत, हे मी फार पुढे वाचलं. त्या एकमेकींना निरोप धाडतात, मरण टाळतात, नव्या रक्तवाहिन्या मागवून घेतात. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे काका खाकरले की वडील जमिनीकडे बघत, ते बघून काकू दार लोटून घेई, आणि काकांचं म्हणणं सुखरूप राही.

गाठ कडेने उतरली, मधे तशीच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा रक्ताचा विषय काढला. काका खाकरले. वडिलांच्या नजरेने जमीन गाठली. आई मात्र खाटेवर उठून बसली.

"भावजी, देवीक तुमी काय इचारलात?"

"परक्याचं रक्त आपल्या घराण्यात आणावं का, असं."

"म्हणजे घराण्याचा इचारलात. माजा खंय इचारलात?" मग ती डॉक्टरांकडे वळली. "घाला रगत. कोणाचाय घाला."

मराठीच्या सभेला उशीर होतोय, असं म्हणून काका निघून गेले.

रक्त चढलं. उरलेल्या शेकांनी गाभा आटला, पण पुरता नाही. आधीचे वाया गेले ते भरून काढता येत नाहीत, डॉक्टर म्हणाले. काजूचा एक हंगाम आई जगली. तेवढ्यात काका पुष्कळदा समाचाराला आले. तिने त्यांना एकदाही बसा म्हटलं नाही.