चौकट आणि ओळंबा

मिस्त्री म्हणजे काय साधासुधा गवंडी नव्हे, हो! बत्तीस वर्षं बांबूच्या परांचीवर काढलेली. एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "सूतभर बाहेर आहे." ओळंबा सोडून बघावं तर खरंच सूतभर बाहेर! या डोळ्याचा त्याला भारी तोरा. घरी बायकोने आरसा टांगला की हा उठून तो सरळ करणारच.

चार महिन्यांपूर्वी डोकं ठणकायला लागलं. सकाळी उठलं की मानेमागून कळ, मळमळ, आणि चालताना डावीकडे झोक. पण कुणाला सांगेल तर शपथ! गोळी तोंडात टाकायची आणि परांची गाठायची. मग एक दिवस त्याने रचलेली भिंत चांगली दोन बोटं कललेली निघाली. ठेकेदाराने ओळंबा सोडून दाखवला, तर मिस्त्री म्हणतो कसा, "ओळंबा बिघडलाय!"

आता ओळंब्यात बिघडायचं काय, कपाळ? एक दोरी आणि खाली लोखंडाचा गोळा. पण गडी हट्टाला पेटला. नवा आणला, तोही बिघडलेला ठरला. तिसरा आणून खिशात घातला, आणि त्याच आठवड्यात परांचीच्या फळीवरून त्याचा तोल गेला. कमरेचा पट्टा अडकला म्हणून वाचला. मग मात्र बायकोने त्याचं काही चालू दिलं नाही.

मेंदूच्या डॉक्टर वयाने त्याच्या लेकीएवढ्या. त्यांनी टाचेला अंगठा लावत सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला मिस्त्री तपासणीच्या खाटेवर आदळला. "फरशीला उतार आहे," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले. "लहान मेंदूजवळ गाठ आहे. तोल तिथूनच सांभाळला जातो. ऑपरेशन लांबवून चालणार नाही."

"मग महिन्याभरात कामावर जाईन?"

"खालची कामं कराल हळूहळू. उंचावर चढायचं नाही."

"किती दिवस?"

"कधीच नाही."

मिस्त्री ताडकन उठला. "काही झालेलं नाही मला! माझा डोळा शाबूत आहे. ही तुमच्या दाराची चौकट बघा, ढळढळीत कललीय. एवढं दिसतंय मला, आणि म्हणे गाठ!"

"अहो, बसा ना," बायको कळवळून म्हणाली.

ऐकतोय कशाला! खिशातून ओळंबा काढला, दोरीचं टोक चौकटीच्या वर धरलं. गोळा झुलला, झुलला, थांबला. वर दोरी आणि लाकूड यांच्यात त्याने बोट घातलं. एक बोट अंतर. वाकून खाली घातलं. तिथेही एकच बोट, म्हणजे चौकट सरळ. त्याने एक डोळा मिटला. चौकट अजून कललेलीच दिसत होती. पुन्हा वर बोट, पुन्हा खाली. बायकोने त्याचा दंड घट्ट धरला, कारण तो पुन्हा डावीकडे झुकला होता.

त्याने दोरी सावकाश गुंडाळली आणि ओळंबा बायकोच्या पिशवीत टाकला. खिशात नाही ठेवला. तिला हुंदका आवरेना.

"ओळंबा बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. डॉक्टरांकडे वळून बघायचं काही त्याला जमलं नाही. चौकटीकडे तोंड करूनच त्याने विचारलं, "ऑपरेशनला कधी यायचं?"