गवत कापायची गाडी बंद पडली तेव्हा

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी भोरहून विंझरला उतरलो, तेव्हा माझे वडील, अण्णा, फाट्यावरच उभे होते. पायाशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी अजून पिशवी खांद्याला नीट लावतोय तोच म्हणाले, "बॅटरी काढून आणलीय. चल कापूरहोळला."

कापूरहोळवरूनच तर मी नुकता आलो होतो. तरी पोतं उचलून घेतलं.

अण्णा विंझरजवळच्या एका बंगल्यावर राखणदार होते. पुण्याचे साहेब सुट्टीत तिथं येत. बंगल्यापुढं उतरतं हिरवळीचं मोठं मैदान होतं आणि ढकलायच्या यंत्रानं ते कापता कापता अण्णांचे दोन्ही गुडघे गेले होते. साहेब "कोणीतरी तरुण माणूस बघावा लागेल," असं बोलू लागले होते. मग आदल्या वर्षी त्यांनी बसून चालवायची गवत कापायची गाडी आणली आणि अण्णांची नोकरी टिकली. माझं बी.एस्सी. याच नोकरीवर झालं. आता मी भोरच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. पण अण्णा नोकरी सोडायला तयार नव्हते आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण बघता मीही फार आग्रह करू शकत नव्हतो.

"रविवारी पाहुणे येणारेत, गवत कापून ठेवा. जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरा माणूस पाठवतो," असा साहेबांचा निरोप होता. आणि दसऱ्यापासून गाडी बंद. किल्ली फिरवली की काहीच नाही. टिक नाही, घरघर नाही.

वडापच्या जीपमध्ये बॅटरी मांडीवर घेऊन आम्ही कापूरहोळला पोचलो. तिथल्या बॅटरीवाल्या चाचांनी तिला मीटर लावला आणि हसायलाच लागले.

"मास्तर, हिला मी काय चार्ज करू? हीच माझं दुकान चार्ज करंल!"

"नीट बघा चाचा. गाडी चालूच व्हत न्हाई," अण्णा म्हणाले.

"बॅटरी पैलवान हाय, अण्णा. दुखणं दुसरीकडं हाय. उगं हिला फिरवून आणली."

चाचांनी चहा पाजला. परतीची जीप भरेपर्यंत आम्ही ऊन खात उभे राहिलो. अण्णा एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होते. "तू दमला असशील," असं तेच मला म्हणाले.

बंगल्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बॅटरी बसवली, टोकं पॉलिशपेपरनं घासली, फ्यूज काढून पाहिला. तो शाबूत होता. दिवे लख्ख लागत होते. म्हणजे वीज होती, पण स्टार्टरपर्यंत जात नव्हती. स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टेकवला, तर ठिणगी उडून इंजिन गरकन फिरलं. म्हणजे स्टार्टरही चांगला. मधल्या वायरीत कुठंतरी खोट होती.

कॉलेजात आमच्या सरांनी बल्बला दोन वायरी जोडून असा दोष शोधायला शिकवलं होतं. त्यांची आठवण काढत मी स्कूटरच्या जुन्या बल्बला वायरी जोडल्या आणि गाडीखाली आडवा झालो. अण्णा वर सीटवर. मी सांगेन तेव्हा त्यांनी किल्ली फिरवायची.

"ब्रेक दाबलाय ना?"

"दाबलाय की."

एकेक जोड तपासत गेलो. पाठीला खडे टोचत होते, तोंडावर वाळलेलं गवत पडत होतं. किल्लीपाशी बल्ब लागला. पुढं लागला. ब्रेकच्या पेडलमागं एक लहान बटण असतं. ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून. त्या बटणाच्या अलीकडं बल्ब लागला, पलीकडं नाही.

"अण्णा, ब्रेक दाबा."

"दाबलाय म्हन्तो ना! कितींदा इचारशील?"

मी मान वळवून पाहिलं. अण्णांचा पाय अनवाणी होता. चपला त्यांनी लांब काढून ठेवल्या होत्या. पेडलवर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं, आणि त्याला स्पर्श होऊ नये म्हणून अण्णांनी पेडलची फक्त कड अंगठ्यानं हळूच खाली ढकलली होती. पेडल अर्धंच खाली गेलं होतं.

मी गाडीखालून बाहेर आलो.

"अण्णा, जोरात दाबायला लागतो तो."

"पुजलेल्यावर पाय दिऊ? आवजार हाय ते."

"मग गवत कसं कापणार?"

अण्णांनी पेडलकडं पाहिलं. मग खाली उतरले. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. वाकून पेडलला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि टोपीनं हळदकुंकू हलकेच पुसून घेतलं. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. चपला मात्र घातल्या नाहीत. वर बसून ब्रेक पूर्ण दाबला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात धडधडायला लागली.

आम्ही दोघंही हसलो नाही. तेवढं त्राण नव्हतं. अंधार पडायच्या आत अण्णांनी वरचा भाग कापला, उरलेला पहाटे उजाडता उजाडता. मी मागं दाताळ्यानं गवत ओढत राहिलो.

साहेब आले, पाहुण्यांना घेऊन हिरवळीवर फिरले. जाताना अण्णांना म्हणाले, "दिवाळीतही लोक येतील. तेव्हाही असंच ठेवा."

"व्हय साहेब."

दुसऱ्या माणसाचं नाव निघालं नाही. गाड्या फाटकाबाहेर गेल्यावर अण्णा पायरीवर बसले आणि दोन्ही पाय हातांनी उचलून सरळ केले. मी तेलाची वाटी आणली.

"दिवाळीला अजून टाइम हाय," डोळे मिटून ते म्हणाले. मी त्यांचे गुडघे चोळत राहिलो.